हैबतीची हजेरी

दोष तिघांचा. बयाजी पाटलाचा, दाजीभटाचा आणि अंताजीपंत कुलकर्ण्याचा. तांबखड्यातली म्हातारी माणसं ही गोष्ट सांगायला बसली की पूर सांगतात, साकव सांगतात, चमत्कार तर पदरचे घालून सांगतात. पण ही तीन नावं जवळ आली की सगळ्यांना एकदम खोकला येतो. म्हणून ती आधीच घेतली. आता ज्यांना खोकायचं त्यांनी खोकावं, ज्यांना ऐकायचं त्यांनी ऐकावं.

फार वर्षं झाली. तेव्हा राज्य गोऱ्या साहेबाचं होतं आणि काळगी नदीवर कुठंही पूल नव्हता. काळगी तांबखड्याला तीन बाजूंनी वेढा घालते आणि चौथ्या बाजूला उभा कडा. गावात यायचं तर पाण्यातून, जायचं तर पाण्यातून. चाळीस उंबऱ्यांचं गाव. त्यात हैबती शेडगे नावाचा कुणब्याचा पोरगा होता. बाप लहानपणीच गेलेला, घरात एकटी आई. पोरगा अंगानं काठीसारखा, पण हाताला असा गुण की ओल्या लाकडावरून बोट फिरवून सांगायचा, हे इथं चिरणार. जमिनीला कान लावून सांगायचा, पाणी किती हातांवर आहे. असं म्हणतात.

बाविसाव्या वर्षी तो सफरमैना पलटणीत भरती झाला. सफरमैना म्हणजे फौजेच्या पुढं जाऊन वाट करणारे, पूल बांधणारे, सुरुंग लावणारे शिपाई. लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बायकोचं नाव साळू. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही सगळ्या गावाची रीत, आणि साळू ती अगदी काटेकोर पाळायची. निघायच्या दिवशी हैबती तिला नदीच्या उतारावर म्हणाला,

"आता तरी एकदा नाव घे की. पलटणीत रोज सकाळी पुकारा करत्यात. सगळी दुनिया माझं नाव घेनार, आन तूच तेवढी घेनार न्हाईस व्हय?"

"जावा तिकडं," साळू म्हणाली. "बायकुनं नाव घ्येतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं."

"कोन म्हनलं?"

"समदीच म्हनत्यात."

समदीच म्हणतात. या गावात एवढं पुरतं.

मग मोठी लढाई लागली. हैबती बोटीतून बसऱ्याला गेला. तिथं तैग्रीस नावाची नदी आहे, काळगीसारख्या पन्नास नद्या पोटात घेईल एवढी. तिच्यावर त्यानं गोळ्यांच्या पावसात एका दिवसात पूल टाकला, आणि त्यावरून पलटण उतरेपर्यंत एका बाजूचा दोर स्वतःच्या कमरेला बांधून उभा राहिला. असं म्हणतात. पुढं तुर्कांनी त्यांना एका गावात कोंडलं. महिनोन् महिने कोंडलं. आधी धान्य संपलं, मग घोडे संपले, मग खेचरं संपली. शेवटी साहेबानं पांढरं निशाण वर केलं, आणि हैबती हजारो जणांबरोबर वाळूतून कैदेत चालत गेला. अर्धे वाटेतच पडले. उरले त्यांच्याकडून तुर्कांनी डोंगर फोडून घेतले, आगगाडीचे बोगदे खणून घेतले.

तिथं रोज सकाळी हजेरी व्हायची. नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं. जो म्हणायचा त्याला भाकरीचा तुकडा. जो म्हणायचा नाही त्याला खड्डा, मग तो गेलेला असो नाहीतर नुसता बोलायची ताकद नसलेला असो. हैबतीनं अशा सातशे सकाळी काढल्या. ताप असला तरी दगडाला टेकून उभा राहायचा आणि "हजर" म्हणायचा. जिवंत असणं म्हणजे काय, ते त्याला तेवढंच कळलं होतं: कोणीतरी नाव घ्यावं आणि आपण ओ द्यावी.

इकडं गावात कागद आला होता. हैबती शेडगे, ठावठिकाणा नाही. एवढाच मजकूर. मेला असं त्यात कुठंही नव्हतं.

लढाई संपली आणि साहेब लोक गावोगाव दगड बसवत निघाले. ज्या गावचा माणूस कामी आला त्या गावाच्या चावडीवर मानाचा दगड, आणि त्या गावच्या पाटलाला मानाची तलवार. शेजारच्या शिरंब्याला दगड मिळाला. शिरंब्याचा पाटील तलवार कमरेला लावून बाजारभर हिंडला, आणि बयाजी पाटलाला आठ दिवस जेवण गेलं नाही. तांबखड्यातून अकरा जण लढाईला गेले होते. दहा धडधाकट परत आले. पाटलाला वाईट वाटत होतं ते याचंच.

"एकबी कामाचा न्हाई," तो चावडीवर म्हणाला. "समदे जित्ते आले."

"अकरावा राहिला की," अंताजीपंत कुलकर्णी म्हणाला, आणि त्यानं तो कागद बाहेर काढला.

साहेबाच्या कारकुनानं विचारलं होतं, माणूस मेला याला पुरावा काय? क्रियाकर्म झालं का? मग क्रियाकर्म करायचं ठरलं. प्रेत नसलं की पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. ते काम दाजीभटाचं. त्यानं तीनशे साठ पानं मोजून घेतली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि नदीकाठी हैबती शेडगे तयार झाला.

साळू दारात आडवी पडली. "कागदात गेलं म्हनून लिवलं न्हाई. मी थांबते. धा वर्सं थांबते, वीस वर्सं थांबते."

"बाई, शास्त्र थांबत नाही," दाजीभट म्हणाला.

शास्त्राला घाई नव्हती. साहेब येत्या महिन्यात येणार होता, म्हणून घाई होती. पाटलाच्या घरच्या दोघींनी साळूला नदीवर ओढत नेलं, तिचे हात दगडावर धरले आणि बांगड्या फोडल्या. मनगटाला काच लागून निघालेलं रक्त त्या पुतळ्यावर पडलं, आणि पुतळा पेटेना. असं म्हणतात. तीनदा अग्नी दिला, तीनदा विझला. हैबतीची आई तेव्हा डोळ्यांनी जवळपास गेली होती. ती म्हणाली,

"पान पेटत न्हाई. माझा पोर जित्ता हाय."

"पान ओलं आहे, म्हातारे," दाजीभट म्हणाला, आणि त्यानं घासलेट मागवलं. पहिल्यांदाच त्या गावात मंत्र म्हणून घासलेटावर माणूस जळला. त्याच दिवशी, त्याच घटकेला, बसऱ्याच्या दवाखान्यात कैदेतून सुटून आलेल्या हैबतीच्या सगळ्या अंगाला भाजल्यासारखे फोड आले. डॉक्टरला कारण सापडलं नाही.

साहेब आला. दगड बसला. 'या गावातून अकरा असामी लढाईस गेले. पैकी एक कामी आला.' खाली नाव. पाटलाला तलवार मिळाली, आणि ती बांधायला लागणारा पट्टा त्यानं आधीच शिवून ठेवला होता.

त्यानंतर बेचाळिसाव्या दिवशी भर दुपारी हैबती नदी उतरून गावात आला.

पहिल्यांदा त्याला साळू दिसली. ती धुणं धूत होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. त्याला वाटलं, आई गेली की काय, सुतकात ही अशी. मग चावडीवर त्यानं दगड वाचला. स्वतःचं नाव वाचलं आणि तो हसला. हैबती गावात हसला तो तेवढाच.

देवळासमोर गाव जमलं. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, हनुवटीवरची लहानपणीची खोक चाचपली आणि म्हणाली, "ह्यो माझा हैबती." हैबती ताठ उभा राहिला, पलटणीत राहतात तसा. म्हणाला,

"दाजीकाका, मी हजर हाय. काय करायचं असंल ते करा."

करण्यासारखं होतं. ज्याचा पुतळा जाळला तो जिवंत परत आला तर त्याला घंगाळात तूप-पाण्यात बसवतात, नव्यानं जन्मला असं समजतात, बारसं करून नाव ठेवतात आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतात. सगळं मिळून एका दिवसाचं काम. दाजीभट घरी जाऊन पोथी घेऊन आला. येताना त्याचं बोट पोथीत होतं, नेमक्या पानावर. ते बोट सगळ्या गावानं पाहिलं. मग दाजीभटानं पाटलाकडं पाहिलं. पाटलाचा हात तलवारीच्या मुठीवर होता आणि नजर चावडीवरच्या दगडाकडं होती. माणूस जिवंत झाला की दगड जाणार. दगड गेला की तलवार जाणार. वर साहेबाला फसवलं म्हणून पाटीलकीही जाणार. दाजीभटानं बोट बाहेर काढलं आणि पोथी मिटली.

"सोय नाही," तो म्हणाला.

"आवं काका, तुमी मला वळखता," हैबती म्हणाला. "माझं बारसं तुमीच केलं."

"ओळखीचा प्रश्न नाही. शास्त्रानं तू गेलास."

"आन गेलेल्यानं शिवंच्या आत ऱ्हायाचं नसतं," पाटील म्हणाला. "नदीपल्याड जा. साळू तुझ्यासंगं आली तर तिला विधवेचं बदकर्म म्हनू, आन तुझ्या आईचं घर वाळीत टाकू. म्हातारीला पानी कोन देतंय ते बघू."

त्या वेळी देवळाच्या पायरीवर दहा जण बसले होते. हैबतीबरोबर एकाच बोटीतून गेलेले दहा जण. एकानंही तोंड उघडलं नाही. सगळ्यांनी खाली पाहिलं. त्यांची नातवंडं आज ही गोष्ट सांगताना म्हणतात, गावाचा नाइलाज होता. असं म्हणतात! चाळीस उंबऱ्यांच्या गावाचा नाइलाज एका माणसाच्या तलवारीपायी.

हैबती नदी उतरून पलीकडं गेला. त्यानं पलटणीच्या साहेबाकडं अर्ज केला, मी जिवंत आहे. अर्ज फिरत फिरत चौकशीसाठी गावात आला, अंताजीपंताच्या हातात. अंताजीपंतानं वळणदार अक्षरात त्यावर लिहिलं, 'सदर इसम मयत.' हैबतीनं तीन अर्ज केले. तीनदा तेच अक्षर. चौथ्यांदा त्यानं कागद घेतला नाही.

पलीकडच्या काठावर वावळ्याचं एक थोरलं झाड होतं. त्याच्याखाली हैबतीनं झोपडी घातली. दुसऱ्या दिवशी उजाडायला तो काठावर ताठ उभा राहिला आणि स्वतःच पुकारा केला, "सफरमैना हैबती शेडगे!" आणि स्वतःच ओ दिली, "हजर!"

रोज. पावसात, थंडीत, तापात, रोज. त्याचा आवाज असा की तांबखड्यातले कोंबडे त्याची वाट बघायचे, तो "हजर" म्हणाला की मग आरवायचे. जात्यावर बसलेल्या बाया त्या आवाजावर पीठ भरायच्या. आणि बयाजी पाटील तो आवाज आला की कानावर उशी घ्यायचा.

साळू रोज धुणं घेऊन अलीकडच्या काठावर यायची. मधे सगळी नदी. दोघं ओरडून बोलायची.

"आईनं खाल्लं का?"

"अर्धी भाकर खाल्ली! तुमी?"

"खाल्ली!"

"खोटं बोलू नगा! चूल पेटल्याली दिसली न्हाई!"

बायकोशी बोलायलाही त्याला गावाइतका आवाज लावावा लागायचा. तेरा वर्षांत ती दोघं एकदाही हळू बोलली नाहीत.

धुण्याला येणाऱ्या बाया त्याला गावातली खबर सांगायच्या. कोणाकडं पाळणा हलला, बारसं झालं की त्या ओरडून नाव सांगायच्या आणि हैबती ते पाठ करायचा. कोणी वारलं की ते नाव गाळायचा. होता होता गावातलं प्रत्येक नाव त्याच्या तोंडी बसलं, घराच्या ओळीनं, थोरामागं धाकटा. ज्या पोराचं नाव हैबतीनं एकदा काठावरून पुकारलं त्याला काळगीनं कधी ओढलं नाही. असं म्हणतात. गावाची सगळी हजेरी त्याच्यापाशी होती. गावाच्या हजेरीत फक्त तो नव्हता.

दर पावसाळ्यात काळगी एक-दोन माणसं नेत होतीच. चौथ्या वर्षी शेवंता नावाची गरोदर बाई उतारातच वाहून गेली. त्यानंतर हैबतीनं साकव, म्हणजे लाकडांचा आणि दोरांचा पायपूल, बांधायला घेतला. रानातून एकट्यानं सोट आणले, वाखाचे दोर स्वतः वळले. पहिला दोर पलीकडं न्यायला त्याला कोणी मिळेना, तर एका पाणकोंबडीनं तो चोचीत धरून नेला. असं म्हणतात. खरं म्हणजे तो साळूनं नेला. गळाभर पाण्यातून, दातात धरून. पण गावाला बाईपेक्षा पाणकोंबडी सोसते.

दोन वर्षांत साकव उभा राहिला. हैबतीनं काठावरून त्याची रीत ओरडून सांगितली: साकवावर एका वेळी एकच माणूस. पलीकडं पोचलेल्यानं "हजर" म्हणायचं, मगच पुढच्यानं पाय टाकायचा. आणि पाणी चढलं तर दोन्ही तीरांचे दोर खांबावर न सोडता माणसांनी हातानं ताणून धरायचे, म्हणजे लाकूड पाण्याबरोबर हलेल आणि तुटणार नाही.

गावानं ऐकलं. आणि दाजीभटानं सांगितलं, मेलेल्याच्या हातचा साकव, त्यावर पाय ठेवील तो विटाळला. मग सात वर्षं त्या साकवावरून शिरंब्याचे लोक गेले, बोहारणी गेल्या, मेंढरं गेली, कुत्री गेली. तांबखड्याची माणसं खालून गळाभर पाण्यातून जात राहिली आणि वर्षाला एक-दोन मरत राहिली. हे गाव. ह्या गावचे लोक अजून म्हणतात, आमचे वाडवडील शहाणे होते.

तेराव्या वर्षी, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, वरच्या अंगाचा तलाव फुटला.

सकाळी काळगी लाल झाली आणि दोन घटकांत वेशीवर आली. मागं कडा, तीन बाजूंनी पाणी. लोक देवळाच्या उंचवट्यावर गोळा झाले. हैबतीनं पलीकडून पाहिलं आणि तो साकवावरून चालत तांबखड्यात आला. तेरा वर्षांनी त्यानं शीव ओलांडली. वेशीपाशी पाटील उभा होता, गुडघाभर पाण्यात, कमरेला तलवार.

"तुला शिवंच्या आत मनाई हाय," पाटील म्हणाला.

"शीव कुठंय पाटील?" हैबती म्हणाला. "शीव घेऊन गेली की नदी. व्हा बाजूला."

त्यानं आता डोळ्यांबरोबर कानांनीही गेलेल्या आईला पाठीवर घेतलं आणि पहिली तिला पलीकडं नेऊन वावळ्याखाली बसवलं. मग साळूला आईपाशी बसायला आणि बारा-चौदा दणकट माणसांना पलीकडचा दोर ताणून धरायला आधी तिकडं धाडलं. इकडचा दोर त्यानं स्वतःच्या कमरेला बांधला आणि साकवाजवळच्या देवळाच्या दगडी खांबाला पाठ लावून उभा राहिला. पाण्याचा धुरळा एवढा उडत होता की पलीकडचा काठ दिसत नव्हता. दिसेना म्हणून कानावरच सगळं.

हैबतीनं हजेरी घेतली. गावाच्या पहिल्या घरापासून, ओळीनं.

"पारू भोईटे!"

पारू साकवावरून गेली. धुरळ्यातून आवाज आला, "हजर!"

"विठा भोईटे!"

"हजर!"

"बाळी भोईटे, आन काखंतलं लेकरू गजरा भोईटे!"

"हजर! दोगीबी हजर!"

दोनशे अकरा माणसं. एक नाव चुकलं नाही, एक पुढंमागं झालं नाही. कालच बारसं झालेली पोर होती, तिचंही नाव त्याला येत होतं. नाव ऐकल्याशिवाय कोणी घाई केली नाही, आणि नाव ऐकल्यावर कोणी मागं राहिलं नाही. त्या दिवशी कोणाला विटाळ आठवला नाही. अंताजीपंत दप्तर डोक्यावर घेऊन गेला. हैबती म्हणाला, "अंताजीपंत कुलकर्णी, मयत माणूस बोलतोय, बेतानं जावा," आणि अंताजीपंत पलीकडून चिरक्या आवाजात "हजर" म्हणाला.

शेवटी उरले पाटील आणि दाजीभट. पाणी कमरेला लागलं होतं.

"बयाजी पाटील!"

पाटलानं साकवावर आधी घोंगडं अंथरलं. मेलेल्याचं लाकूड पायाला लागू नये म्हणून. चार पावलं टाकायची, थांबायचं, मागचं घोंगडं ओढून पुढं टाकायचं. अशा चालीनं तो पलीकडं गेला. आणि पोचल्यावर "हजर" म्हणेना. मेलेल्याच्या पुकाऱ्याला ओ कशी द्यायची? तो "हं" म्हणाला.

"ऐकू येत न्हाई!" हैबती ओरडला. "बयाजी पाटील!"

"हं!"

"हं न्हाई! पोचला का मधी हाय ते कळत न्हाई! भटजींना कसं सोडू?"

दाजीभट पोटाच्या वर पाण्यात होता. तो किंचाळला, "अहो पाटील, म्हणा की! एक शब्द आहे! मी बुडतोय इथं!"

दोनशे माणसांसमोर बयाजी पाटलाला म्हणावं लागलं, "हजर." कोणीतरी पोर फिसकन हसलं. ते हसणं पाटलाच्या जिव्हारी बसलं, आणि हैबतीचं काय व्हायचं ते तिथंच ठरलं.

दाजीभट निघायच्या आधी हैबतीकडं वळला. दोघंच होते. म्हणाला, "हैबती, पोथीत सोय होती रे."

"ठावं हाय काका," हैबती म्हणाला. "तुमचं बोट बघितलं हुतं. जावा आता."

दाजीभट गेला, "हजर" म्हणाला. गाव रिकामं झालं. हैबती एकटा राहिला. पाणी छातीला लागलेलं. आता इकडचा दोर धरायला कोणी नव्हतं. त्यानं तो खांबाला बांधला. एक दोर बांधलेला असला की दुसरा हातानं धरलेला हवाच, नाहीतर साकव एका हिसक्याला फाटेल. पलीकडच्यांनी दोर ताणून धरलाय हे कळायला एकच खूण: तिकडून नाव यायला हवं. तो गावाइतक्या आवाजात ओरडला,

"गाव हजर! दोनशे अकरा! आता माझं नाव घ्या!"

पलीकडं दोर माणसांच्या हातात होता. पण हात सैल पडले. सगळे पाटलाच्या तोंडाकडं पाहू लागले. नाव घेतलं की माणूस जिवंत. दोनशे माणसांच्या देखत जिवंत. पाटलानं खाकरलं. दाजीभट आभाळाकडं बघत होता. ज्यानं चार क्षणांपूर्वी कबूल केलं होतं, तो आभाळाकडं बघत होता. अंताजीपंत ओलं दप्तर पिळत होता.

"नाव घ्या!" पलीकडून आवाज आला.

पाटलानं दुसऱ्यांदा खाकरलं. पलटणीतले ते दहा जण, दोराला हात लावून उभे, पाटलाकडं बघत होते. दोनशे दहा तोंडांपैकी एकाही तोंडातून हैबती शेडगे एवढी अक्षरं निघाली नाहीत.

"नाव घ्या रं कुनीतरी!"

पाटलानं तिसऱ्यांदा खाकरलं.

तेव्हा साळू उठली. जिनं जन्मात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं, ती काठावर आली. तिनं पहिल्या माणसाच्या हातातून दोर हिसकला आणि ओरडली,

"हैबती शेडगे!"

काळगी एक क्षण थांबली. असं म्हणतात, आणि हे खरं मानायला हरकत नाही. बायांनी माणसांना ढकललं आणि दोराला हात घातले. पारू, विठा, बाळी, सगळ्या. दोर ताणला गेला. हैबतीनं पाय टाकला. धुरळ्यातून तो दिसू लागला, साकवाच्या मधोमध, ताठ, पलटणीत चालतात तसा. त्यानं साळूला पाहिलं.

पण पाटलाच्या तीन खाकरण्याएवढा वेळ गेला होता. तेवढ्या वेळात वरून एक मुळासकट उपटलेला आंबा येत होता. ती तीन खाकरणी नसती तर हैबती आंब्याच्या आधी पलीकडं पोचला असता. आंबा साकवावर बसला आणि साकव फाटला.

जाता जाता त्यानं ओ दिली. "हजर!" सगळ्यांनी ऐकली. प्रेत सापडलं नाही. या खेपेला खरोखर सापडलं नाही, आणि दाजीभटाला पुन्हा पळसाची पानं आणायची वेळ आली. साळूनं त्याला उंबऱ्यात पाय ठेवू दिला नाही. म्हणाली, "एका मानसाला दोनदा जाळायची सोय हाय का पोथीत? बोट घालून बघा."

आता तांबखड्यात काय चालतं ते ऐका. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी उजाडायला सगळं गाव नदीकाठी जमतं. तिथं आता सरकारी पूल आहे, तरी त्या दिवशी पुलावरून कोणी जात नाही. पलीकडच्या वावळ्याकडं तोंड करून गावातली सगळ्यात म्हातारी बाई पुढं येऊन ओरडते, "हैबती शेडगे!" आणि गाव एका आवाजात म्हणतं, "हजर!" मग प्रत्येक लग्न झालेली बाई आपल्या नवऱ्याचं नाव, उखाण्याशिवाय, नुसतं, मोठ्यानं घेते, आणि नवऱ्यानं ओ द्यावी लागते. एरवी गावात नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायाही त्या दिवशी घेतात. पुरुषांनी तोंडं उघडायची आणि बायांनी दोर धरायचा, तर दोर म्हणून एक वाखाची दोरी बाया दिवसभर हातात धरून उभ्या राहतात. ती पुरुषाच्या हातात देत नाहीत.

पाटलाच्या वंशातले लोकही येतात. पहिल्या रांगेत उभे राहतात. सगळ्यात मोठ्यानं "हजर" तेच म्हणतात. तलवार त्यांच्या घरात अजून आहे, दसऱ्याला पुजतात. चावडीवरचा दगडही आहे. 'पैकी एक कामी आला' ही ओळ कोणी खोडली नाही, उलट दरवर्षी तिच्यात नवा शेंदूर भरतात आणि शाळेतल्या पोरांना सांगतात, आपल्या गावचा हैबतीबाबा लढाईत गेला. म्हाताऱ्यांपैकी कोणीही ते दुरुस्त करत नाही. ज्यांच्या आजोबांच्या हातात दोर होता, तेही नाही.

सहा वर्षं तो पलटणीत आणि कैदेत जगला. तेरा वर्षं तो नदीपलीकडं जगला. गावाला फक्त त्याचं नाव घ्यायचं होतं. ते घेतलं नाही, म्हणून हैबती शेडगे मेला. तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता.